प्रभुभोजनातून उठलेले याकोबमामा

याकोबमामांना काही सांगायचं म्हणजे जपून सांगावं लागे, कारण सांगितलेलं ते खरंच करत. चर्चचे पाळकसाहेब एकदा रविवारच्या उपदेशात म्हणाले, आजाऱ्यांना भेटत जा. दुपारी मामा हजर, आणि कुणाकडे? ज्या शेजाऱ्याशी नळावरून रोज जुंपायची, त्याच्याकडे! तो तापानं फणफणला होता. दारात मामा दिसताच बिचारा म्हणाला, "आज नको हो भांडण, अंगात ताकद न्हाई."

मामा मूळचे शिरूरचे. दौंडला रेल्वेत मालगाडीचे ड्रायव्हर, आणि आमच्या चर्चचे पंच. बोलणं सगळं इंजिनातलं. "सिग्नल लाल दिसला की गाडी हुबी. ड्रायव्हरला पटलं का न्हाई, कोन इचारतंय?" देवाच्या आज्ञांचंही त्यांच्या लेखी तसंच. मी शेजारच्या क्वार्टरमध्ये राहायचो. माणूस मला आवडायचा. पण त्यांच्या घरात राहायची पाळी आली असती, तर मी पळून गेलो असतो.

पळाली ती रिबका, त्यांची एकुलती एक लेक. कुरकुंभच्या कंपनीत कामाला होती. तिथल्याच सोपानशी, वरवंडच्या धनगराच्या मुलाशी, तिनं परस्पर लग्न केलं. मामांचा राग जातीवर नव्हता, निदान ते तसं म्हणत. "आईबापाची आज्ञा मोडली तिनं. आज्ञा मोडनाऱ्याला माझ्या घरात जागा न्हाई." सुशीलामामी बाजाराच्या दिवशी लेकीला चोरून भेटायच्या आणि डोळे पुसत परत यायच्या. नात झाली, तरी मामा ढिम्म. ताटात मन नसायचं, रात्र रात्र झोप नसायची, पण वरवंडचं नाव काढायचं नाही.

चर्चमध्ये प्रभूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षरस वाटून घेतात, त्या प्रभुभोजनाआधी आमच्याकडे एक रीत होती. ज्यांचं कुणाशी बिनसलंय, त्यांनी आधी त्याला सलाम करायचा, मग भाकरीला हात लावायचा. करायचं काय, तर शेजारी बसलेल्याला सलाम ठोकून मोकळं व्हायचं. मामाही इतकी वर्षं तेच करत आले होते. त्या रविवारी मात्र पाळकसाहेब वैतागले. "अहो, इथल्यांशी कुठं भांडण आहे तुमचं? ज्याच्याशी आहे त्याच्या दारात जा की!"

पंच म्हणून वाटायचं भाकरीचं ताट तेव्हा मामांच्या हातात होतं. त्यांनी ते वेदीवर ठेवलं आणि सरळ बाहेर पडले. सगळी मंडळी बघत राहिली. मला वाटलं, चक्कर आली असेल, म्हणून मी मागोमाग गेलो.

"स्कूटर काढ," मामा म्हणाले. "वरवंडला जायाचंय."

वरवंडला पोचलो. सोपानची आई ओट्यावर गवार मोडत बसली होती. तिनं हाक मारली तशी रिबका पोरीला कडेवर घेऊन दारात आली. ना हसली, ना 'या' म्हणाली.

"माझं चुकलं," मामा म्हणाले.

"पप्पा, माझ्यासाठी आलात, का पाळकांनी सांगितलं म्हणून?"

मी मनात म्हटलं, बाबा रे, आज एकदा तरी खोटं बोल!

"सांगितलं म्हनून," मामा म्हणाले. "माझ्या मनावर सोडलं असतं, तर मेलो असतो पन आलो न्हसतो. तुझ्याबिगर एक दिस गोड गेला न्हाई, रिबका. तरी पाय उचलत न्हवता. कुनीतरी सांगाया लागतं मानसाला."

रिबका तिथंच उंबऱ्यावर बसली आणि मोठ्यानं रडली. रडता रडताच तिनं पोरगी बापाच्या हातात दिली. मामांना पोर कसं धरावं तेच सुचेना, म्हणून मी खालून हात धरला.

मग चहा झाला. जेवण झालं. मामांनी त्या घरात धर्माचं एक अक्षर काढलं नाही. आम्ही निघालो तेव्हा सोपानची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "तुमच्यात असं सांगत्यात, आन् मानसं उठून जात्यात?"

"सगळी नाही जात," मी म्हणालो. "हे एक गेले."

म्हातारी ओट्यावरचं सूप उचलून आत गेली. स्कूटर सुरू झाली, तेव्हा तिचा आवाज आला. "सोपाना, उद्या मला कवठ्याला सोड. बांधावरनं बोलनं टाकलंय आमी दोघांनी, पन भाऊ हाय त्यो माझा."