नागेशला कशासाठी फोन करायचात?

सोमवारी हॉस्पिटलची नवी सिस्टिम सुरू होणार होती. गुरुवारी डायरेक्टर मॅडमनी विचारलं, "सही कधी करताय?"

आयटीचा प्रमुख म्हणून गो-लाइव्हच्या, म्हणजे सिस्टिम सुरू करण्याच्या कागदावर माझी सही लागते. सिस्टिम पुरवणाऱ्या व्हेंडरच्या चेकलिस्टवर सगळीकडे टिक होती. तरी सही करवत नव्हती. असले कागद आधी हेल्पडेस्कचा नागेश वाचायचा. महिन्यापूर्वी तो वारला. कुठल्या काउंटरवर काय अडतं, हे त्याला तोंडपाठ होतं. लिहिलेलं काहीच नव्हतं.

"उद्या सांगतो," मी म्हणालो.

दुपारी प्रत्येक विभागात चिठ्ठ्या वाटल्या. प्रश्न एकच: नागेशला तुम्ही कशासाठी फोन करायचात?

बहुतेकांनी प्रिंटर लिहिला. एका नर्सने लिहिलं होतं, 'उगीच.' ती चिठ्ठी मी खिशात ठेवली. रजिस्ट्रेशनच्या शोभाक्कांनी एकच शब्द लिहिला होता: 'महादेवम्मा.'

मी काउंटरवर गेलो. शोभाक्का आमच्यासारख्याच म्हैसूरच्या मराठी.

"सर, सिस्टिम आडनाव मागतं. खेड्यातल्या बायकांना आडनाव कुठलं हो? आम्ही गाव घालतो. बेट्टदपुरच्या महादेवम्मा दोन आहेत. वय एक, फोनपण एकच, तिथल्या आशा वर्करचा."

"मग नागेश?"

"शेऱ्यात नवऱ्याचं नाव घालायचे, अष्टे, एवढंच. ते बघून आम्ही फाइल काढतो. त्यातल्या एकीला पेनिसिलिन चालत नाही."

नव्या सिस्टिममध्ये शेऱ्याचा रकानाच नव्हता. शिवाय जुनी माहिती हलवताना सारख्या दिसणाऱ्या नोंदी ती एकत्र करणार होती. सोमवारी दोघींची मिळून एक फाइल झाली असती.

व्हेंडरचा माणूस फोनवर म्हणाला, "सर, डुप्लिकेट काढणं हे फीचर आहे."

"त्या दोघी आहेत."

"डेटात एकच दिसतेय."

"काउंटरवर दोघी येतात."

मॅडमनी विचारलं, "आठवडाभर उशीर? बोर्डाला काय सांगू?"

"बेट्टदपुरात महादेवम्मा दोन आहेत, असं सांगा."

त्या हसल्या नाहीत. तारीख मात्र बदलली.

नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या नावाचा रकाना आला. एकत्र होऊ घातलेल्या नोंदींची यादी शोभाक्का आणि त्यांच्या सोबतिणींनी आठवडाभर बसून सोडवली. पुढच्या सोमवारी सिस्टिम सुरू झाली. दुपारपर्यंत रांग हलेना, दोन प्रिंटर रुसले. बुधवारी दोघी महादेवम्मा एकाच बसने आल्या आणि आपापल्या फाइली घेऊन डॉक्टरांकडे गेल्या.

व्हेंडरच्या चेकलिस्टमध्ये व्हेंडरला माहीत असलेलंच असतं. बाकीचं काउंटरवर बसणाऱ्यांना विचारावं. आणि ज्याला सगळं ठाऊक आहे त्याला, तो असतानाच विचारावं.