चाळणीचा वेग

नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये मी सहा वर्षं दाणे मोजले. शंभर दाणे ओल्या कागदावर मांडायचे, गुंडाळी करायची, ठरलेल्या दिवशी उघडायची आणि किती उगवले ते लिहायचं. काम कंटाळवाणं होतं, पण मला आवडायचं. माझा मावसभाऊ त्याच कंपनीत मशीनवर फिटर होता. आमच्याकडे बरेच शेतकरी सोयाबीनचं बी घरचंच ठेवतात, आणि पेरणीआधी बायका ते सुपानं पाखडून, हातानं निवडून काढतात. कंपनीत बी चाळणारं जे मोठं यंत्र होतं, त्याचं लहान रूप टेम्पोवर चढवून गावोगाव न्यावं, ही कल्पना त्याची. मी तिच्यात एकच गोष्ट घातली. चाळून झालं की प्रत्येक घरच्या बियातले शंभर दाणे मी उगवून बघणार आणि पेरणीच्या आत निकाल कळवणार.

नोकरी सोडली तेव्हा घरातलं कुणी भांडलं नाही, पण महिनाभर माझ्याशी जरा जपून बोलत होते. पहिल्या हंगामात एक टेम्पो, दुसऱ्यात दोन. अंबड आणि घनसावंगीकडच्या गावांत लोक मला ‘चाळणीवाली बाई’ म्हणायला लागले. फुटके दाणे, खडे, काडीकचरा एकीकडे आणि गोल टपोरं बी दुसरीकडे पडताना बघायला माणसं पारावरून उठून यायची. पण फोन यायचे ते निकालासाठी. “आमचं किती उगवलं?” एवढंच विचारायचे.

तिसऱ्या वर्षी पुण्याचे एक गृहस्थ आमच्या या चाळणीच्या धंद्यात भागीदार झाले. माणूस सरळ होता, अजूनही आहे. त्यांनी आमचं काम दोन दिवस हिंडून पाहिलं आणि म्हणाले की मागणी एवढी असताना दोनच गाड्या म्हणजे लोकांना नाही म्हणणं झालं. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं. आम्ही एकदम सहा गाड्या केल्या. ऑपरेटर नवे घेतले, त्यांना आठवडाभर शिकवलं आणि रवाना केलं. मी ऑफिसात बसले. भिंतीवर नकाशा, फोनवर ग्रुप, आणि रोज संध्याकाळी प्रत्येक गाडीला एकच प्रश्न: आज पोती किती झाली?

उगवण तपासायला चार-पाच दिवस लागतात. सहा गाड्यांचे नमुने गोळा करायचे, मांडायचे, मोजायचे, हे एकटीला जमेना. मी ठरवलं, यंदा तेवढं राहू द्यावं, पुढच्या वर्षी माणूस ठेवू. ज्या कामासाठी मी नोकरी सोडली तेच सगळ्यात आधी बंद केलं, आणि तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

मे संपत आला होता. एका सकाळी ऑफिसात एक बाई आल्या. पन्नाशीच्या, अंबड तालुक्यातल्या. एसटीनं आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी बारदानाच्या दोन ओल्या गुंडाळ्या काढल्या आणि मला विचारून माझ्या टेबलावर उलगडल्या. दहा-दहाच्या ओळीत दाणे मांडले होते, अगदी सरळ. एका बारदानावर कोंबांची दाटी होती. दुसऱ्यावर मधेमधे कोंब, बाकी दाणे फुगून मऊ पडलेले.

“हे मी सुपानं पाखडलेलं,” त्या पहिल्याकडे बोट दाखवत म्हणाल्या, “अन् हे तुमच्या चाळणीतलं. बी एकाच पोत्यातलं हाय.”

मी मोजलं. सवयीनं दोनदा मोजलं. पाखडलेलं ब्याऐंशी, आमचं त्रेचाळीस. मी गाडीचा नंबर विचारला, दिवस विचारला, मग चहा सांगितला. त्यांचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे जास्तच अवघड वाटत होतं.

“मी भांडाया न्हाई आले, बाई,” त्या म्हणाल्या. “आमच्या गल्लीतल्या बारा घरांनी तुमच्याकून बी काढलंय. त्यांला मी सांगू का तुम्ही सांगता, तेवढं इचाराया आले.”

मी म्हटलं, “मी सांगते, मावशी.”

त्या गेल्यावर मावसभावाला घेऊन मी त्यांच्या गावाकडे गेलेल्या गाडीपाशी पोचले. त्यानं यंत्र चालू करून नुसता आवाज ऐकला आणि बंद केलं. सोयाबीनची साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी नाजूक असते. बी जोरात उंचावरून आपटलं तर वरून दिसत नाही, पण आतला कोंब मरतो. ऑपरेटरनं यंत्राचा वेग वाढवला होता. दिवसात जास्त पोती व्हावीत म्हणून. त्यानं ते लपवलंही नाही, उलट बाकीच्यांपेक्षा त्याची पोती जास्त म्हणून मीच ग्रुपवर त्याचं कौतुक केलं होतं. आणखी एका गाडीवर तेच निघालं.

परतताना मावसभाऊ म्हणाला, “ताई, माणूस खराब न्हाई. आपण रोज पोती किती ते इचारत गेलो. बी कसं हाय, ते कुनीच इचारलं न्हाई.”

त्या दिवशी सहाही गाड्या थांबवल्या. पुण्याच्या गृहस्थांना फोन करून जे झालं ते सांगितलं. ते म्हणाले की मी उद्या निघतो. दुसऱ्या दिवशी ते आले आणि आमच्याबरोबर गावं फिरले. त्या दोन गाड्या जिथं जिथं गेल्या होत्या त्या एकोणीस गावांची यादी केली. प्रत्येक गावात चौकात उभं राहून मी सांगायचे की आमच्या चाळणीनं तुमच्या बियाला मार बसलेला असू शकतो, तपासल्याशिवाय पेरू नका. एका गावात म्हाताऱ्यानं तोंडावर सांगितलं की पुन्हा इकडं येऊ नका. दुसऱ्या गावात लोकांनी ऐकून घेतलं आणि जेवायलाच बसवलं.

त्या मावशी दुसऱ्या दिवसापासून आमच्याबरोबर निघाल्या. मी बोलावलं नव्हतं. मी लॅबच्या भाषेत समजावून सांगायचे, तेव्हा बायका मान हलवायच्या. मावशी बारदान भिजवून, दाणे मांडून दाखवायच्या, तेव्हा त्या पदर खोचून शेजारी बसायच्या. चार-पाच दिवसांत गावोगावचे निकाल आले. बरंच बी वाचलं होतं. जिथं उगवण कमी होती तिथं दाट पेरायला सांगितलं, आणि जिथं फारच कमी तिथं चांगल्या बियाच्या घरांतून आम्ही बी आणून बदलून दिलं. पेरण्या झाल्या. कुणाचं रान रिकामं राहिलं नाही. पाऊस लांबला, तेवढे दिवस आम्हाला मिळाले, हेही खरं. नशिबाचा वाटा मी माझ्या हुशारीत मिळवत नाही.

पुढच्या हंगामात आम्ही तीनच गाड्या काढल्या. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, “मी तुम्हाला वाढा म्हणालो, कशात वाढायचं ते विचारलं नाही. चूक माझीही आहे.” तेव्हापासून नव्या गाडीचं आमच्यात एकच ठरलंय. जुन्या गाडीवर पूर्ण हंगाम काढलेलं माणूस तयार असेल तरच ती घ्यायची. तपासणी आता माझ्याकडे नाही. मावशींनी आणि त्यांच्या बचतगटातल्या बायकांनी ती घेतली, रीतसर पगारावर. प्रत्येक गावात एक बाई, चाळण्याआधी शंभर दाणे आणि चाळल्यानंतर शंभर. वेग कमी झाला. लोक वैतागतात, दुसरीकडे जातात, त्यातले काही परत येतात. येऊ नका म्हणालेल्या म्हाताऱ्याच्या गावातून अजून बोलावणं आलेलं नाही. मी दरवर्षी निरोप मात्र पाठवते.

हल्ली कॉलेजांतून बोलावतात, कंपनी कशी वाढवावी ते सांगा म्हणून. माझ्याकडे सांगण्यासारखं फार नसतं. तुमच्याकडे लोक नेमके कशासाठी येतात ते ओळखा, आणि हात अपुरे पडायला लागले की ती गोष्ट तशीच ठेवून बाकीचं कमी करा, एवढंच मी सांगते. मुलं ते लिहून घेतात. मीही त्यांच्या वयात लिहून घेतलंच असतं.

यंदा पाचवी गाडी निघाली. तिच्यावर मावशींची सून आहे. दोन हंगाम तिनं चौथ्या गाडीवर काढले. पहिल्या दिवशी मी बघायला गेले होते. दुपारचं ऊन, ट्रॅक्टरांची रांग, माणसं घाईवर आलेली. मधेच तिनं यंत्र बंद केलं, खालच्या पोत्यातलं मूठभर बी हातावर घेतलं, दाणा दाताखाली धरून पाहिला आणि पाना घेऊन पट्ट्यापाशी वाकली. रांगेतला एक जण म्हणाला, “बाई, चालू तर होतं बराबर. जल्दी करा ना.”

“आवाज बराबर न्हाई वाटून राह्यला,” ती वर न बघता म्हणाली. “अर्धा घंटा लागंल. सावलीत बसा.”

आणि माणसं खरंच सावलीत जाऊन बसली.