वन्सं, होडी सोडू नका!

पडदे शिवणाऱ्या वहिनीला पोहता येत नव्हतं. पण थोरल्या नणंदेच्या आग्रहापुढे तिचं काही चाललं नाही आणि ती ड्रॅगन बोट वल्हवायला जाऊ लागली. वीसेक जणांनी मिळून वल्हवायच्या त्या लांबलचक होडीत दोघी एकाच फळीवर शेजारी बसत. वहिनी लाइफ जॅकेटचे पट्टे पुन्हापुन्हा ओढून बघायची, तेव्हा नणंद हसायची, "अगं, तळ्यात चाललोय, लढाईवर नाही!"

एका सकाळी वळण घेताना होडी उलटली आणि सगळे गार पाण्यात पडले. जॅकेटने वहिनीला वर आणलं. जीव घाबराघुबरा झाला होता, तरी तिने होडीची कड धरली आणि शिकवल्याप्रमाणे आधी जोडीदारीण शोधली. पट्टीची पोहणारी नणंद काठाकडे निघाली होती. पण काठ लांब होता आणि गारठ्याने तिचे हात जड पडत होते.

"वन्सं, मागे फिरा! होडी सोडू नका!" कधी आवाज न चढवणारी वहिनी ओरडली.

नणंद कशीबशी वळली. वहिनीने हातातलं वल्हं पुढे करून तिला ओढून घेतलं आणि मदतीची नाव येईपर्यंत तिचा दंड सोडला नाही.

काठावर कुडकुडत नणंद म्हणाली, "केवढ्यांदा ओरडलीस गं माझ्यावर!"

"मग? घरी तुमच्या भावाला काय सांगितलं असतं?" म्हणता म्हणता वहिनीला रडू फुटलं, आणि नणंदेने तिला जवळ घेतलं.