टाकीची थंडी

आमच्या घरी दिवाळीत स्वयंपाकघराला चुना लागायचा आणि संक्रांतीपर्यंत भिंत पुन्हा काळी व्हायची. त्या भिंतीवर मायने कधी काही टांगलं नाही. देवाची एक तसबीर होती, तीही धुराने ओळखू येईनाशी झाली, तेव्हा तिने ती पुढच्या खोलीत नेली.

आमचं गाव बोदवड स्टेशनापासून एसटीने तासाभराच्या अंतरावर. शेतात केळी आणि कपाशी. कपाशी वेचून झाली की तिची वाळलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, उपटून अंगणात रचायची आणि वर्षभर चुलीत घालायची. जोडीला गोवऱ्या. पऱ्हाटी भुरुभुरु जळते, पण पावसाळ्यात दमट झाली की डोळ्यांतून धारा काढते. मायचा खोकला त्याच चुलीने दिलेला. तालुक्याच्या डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं की औषधं मी देतो, पण धूर थांबल्याशिवाय खोकला थांबणार नाही.

मी तेव्हा धुळ्याला, देवपुरातल्या वसतिगृहात राहून बीएस्सी करत होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेलं दुसरं कोणी नव्हतं. मला शिकू द्यायचं हे वडिलांनी ठरवलं होतं आणि त्यासाठी भाऊबंदांची बोलणीही ऐकली होती. वडिलांना आम्ही भाऊ म्हणायचो. एकदा कॉलेजने आम्हाला जवळच्या खेड्यात गोबरगॅस दाखवायला नेलं. विटांची गोल विहीर, तिच्यात पाण्यात कालवलेलं शेण, वर पालथी घातलेली लोखंडी टाकी. गॅस साठेल तशी टाकी वर चढायची, वापरला की खाली बसायची. त्या घरातली बाई पांढऱ्या भिंतीला पाठ टेकून भाकरी करत होती. बाकी काय पाहिलं ते फारसं आठवत नाही. ती भिंत आठवते.

सुट्टीत घरी आले आणि भाऊंना सगळं सांगितलं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. शेण वाया जातं का, आणि मायला चालेल का. शेण वाया जात नाही, गॅस देऊन उरलेला काला केळीला उत्तम खत होतो, असं मी सांगितलं. मायला मात्र चूल मोडणं चालत नव्हतं. तिने एकच अट घातली.

"एक हिवाया या गॅसवर निघू दे. मंग चुलीचं पाहू."

उन्हाळ्यात खड्डा खणला. बांधकामाला धुळ्याकडचा गवंडी आला, तो जाताना म्हणाला, "काम बठ्ठं पक्कं शे, आते ढोरं सांभाळा." पहिली ज्योत पेटली तेव्हा शेजारची काकू मुद्दाम बघायला आली. तिने मायला विचारलं, "अक्का, भाकरीले शेणाचा वास तं नाही ना येत?" मायने तव्यावरची भाकर तिच्या हातावर ठेवली. "खाऊन तं पाय." काकूने भाकर संपवली आणि दुसरी मागितली.

दिवाळीपर्यंत टाकी रोज चढत होती. सकाळी उठून भाऊ आधी टाकी बघायचे, मग बैल. मी देवपूरला परत गेले ती अगदी निश्चिंत होऊन.

नाताळच्या सुट्टीत धुळ्याहून चाळीसगावला आले, तिथे गाडी बदलून बोदवडला उतरले आणि एसटीने गावी पोचले. थंडी कडाक्याची होती. गल्लीत शिरले तर आमच्या कौलांतून धूर निघताना दिसला. घरात माय चुलीपुढे बसून खोकत होती. टाकी पार खाली बसली होती. शेगडीची ज्योत इतकी बारीक, की चहालाही वेळ लागायचा. माय मला म्हणाली, "मले काही तरास नाही. चूल हाये ना." तिने तक्रार केली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या अटीचा हिवाळा आमच्या हातून चालला होता.

संध्याकाळी परसात गेले. टाकीच्या उत्तरेला भाऊंनी केळीचा वाळलेला पाला, पऱ्हाटी आणि ओलं गवत यांचा ढीग रचला होता आणि ते काडेपेटी काढत होते. केळीवाल्याला यात नवल वाटणार नाही. कडाक्याच्या थंडीत बागेच्या उत्तरेला असा धुपारा पेटवून धूर बागेवर सोडायचा, म्हणजे केळी तगते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत. टाकी गारठली, हे भाऊंनी बरोबर ओळखलं होतं. औषधही त्यांना ठाऊक असलेलंच काढलं होतं.

"भाऊ, काडी लावू नका. आत गॅस आहे."

त्यांचा हात थांबला. ढिगाकडे पाहिलं, टाकीकडे पाहिलं, आणि ते स्वतःशीच हसू लागले. म्हणाले, बरं झालं तू आज आलीस, नाहीतर चुलीसकट घर गेलं असतं.

मग आम्ही तिथेच बसलो. मी कॉलेजात शिकले होते ते सांगितलं. शेणातले जिवाणू गॅस तयार करतात आणि थंडीत ते सुस्त होतात. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे टाकी बी केयीसारखीच?" मी म्हटलं, अगदी तशीच, फक्त विस्तव नको.

एवढं त्यांना पुरलं. दुसऱ्या दिवशी त्याच पऱ्हाटीची दाट टाटी बांधून उत्तरेला उभी केली, बागेला शेवरीचा आडोसा करतात तशी. टाकीखालच्या विहिरीच्या कडेने वाळलेल्या पाल्याचा जाड थर दिला. सूर्य कलला की टाकीवर गोणपाटं, ऊन आलं की काढायची. शेण कालवायला रात्रभर हौदात निवलेलं पाणी बंद झालं. पहाटे मळ्यातल्या विहिरीतून काढलेलं पाणी कोमट असतं, म्हणून थंडीत बागेलाही तेच देतात. आता तेच टाकीला मिळू लागलं.

आठवडाभर काहीच झालं नाही. काकू दोनदा डोकावून गेली. मी रोज टाकीच्या कडेला कोळशाने खूण करत होते, आणि ती खूण जागची हलत नव्हती. मग एका सकाळी भाऊंना खूण बोटभर वर दिसली. ते बैलांना वैरण टाकायला निघाले आणि त्यांच्या चालीवरून मला कळलं. संक्रांतीला तिळगुळाचा पाक मायने गॅसवर केला.

होळीच्या आधी तिने स्वतः कुदळ मागितली. चुलीला हळदकुंकू वाहिलं, नमस्कार केला आणि चूल मोडली. माती केळीच्या बुडाशी घालायला लावली. एक गोष्ट मात्र तिने ठासून सांगितली, "भरिताचं वांगं मी गॅसवर भाजनार नाही. ते भायेर काड्यांवरच." आमच्याकडे भरिताच्या बाबतीत विज्ञान चालत नाही.

तिचा खोकला हळूहळू उतरला. पुढच्या वर्षी काकूच्या परसातही टाकी आली. तिची टाटी बांधायला भाऊच गेले होते आणि जिवाणू कसे सुस्तावतात ते तिला समजावत होते.

मी पदवी घेतली तेव्हा धुळ्याच्या स्टुडिओत काळा झगा घालून फोटो काढला. भाऊंना तो पुढच्या खोलीत, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा लावायचा होता. मायने तो त्यांच्या हातून घेतला आणि स्वयंपाकघरात शेगडीच्या वर खिळा ठोकला.

भाऊ म्हणाले, "इथं धुरानं काया पडंल."

"आता नाही पडत," माय म्हणाली.