मामाची जीप मागे घेताना 'वा' म्हणू नये

माझा सूर्यनारायणमामा चार भाषा बोलतो आणि चौघींना त्यानं कामं वाटून दिली आहेत. घरात आमची तंजावूरची मराठी, देवासमोर संस्कृत, बँकेत इंग्रजी आणि गाडीशी फक्त तमिळ. एकदा स्टिअरिंग हातात आलं की त्याच्या कानातली मराठी बंद पडते. वत्सलामामी शेजारी बसून "डावीकडे घ्या, डावीकडे" म्हणून घसा कोरडा करते आणि मामा आपला सरळ चाललेला असतो. शेवटी ती "इडदु!" म्हणून ओरडते, की मामा निमूट डावीकडे वळतो.

गाडी मागे घ्यायची असली तर त्याला मागे एक माणूस उभा लागतो. आमच्या गल्लीत हे काम कुणीही करतं. भाजीवाला, पोस्टमन, शेजारचे वकील. मागे उभं राहायचं, हात हलवायचा आणि ओरडायचं, "वा, वा, वा, वा... निल्लु!" म्हणजे ये, ये, ये, ये... थांब. 'वा' किती लांब आहे त्यावर मामा वेग ठरवतो. आखूड 'वा' म्हणजे जपून. लांब 'वाऽऽ' म्हणजे ये बिनधास्त, मागे मैदान आहे.

नोकरीभर मामा कॅश काउंटरच्या जाळीमागे बसला. जग त्याला चौकोनाचौकोनांतून दिसलं. निवृत्त झाला तेव्हा बँकेनं भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते त्यानं माझ्या आईला, म्हणजे त्याच्या बहिणीला, देऊन टाकलं आणि सरकारी लिलावात जाऊन एक जुनी हिरवी जीप घेऊन आला. चारी चाकांना जोर असलेली आणि एकही दार नसलेली.

"दारें कोठें?" मामीनं विचारलं.

"नकोत."

"दाराविना गाडी काय म्हणून?"

"इतकीं वर्षें जाळींतून पाहिलों, वत्सला. आतां मध्यें कांहीं नको."

"पाऊस आला तर?"

"भिजूं."

मामी शाळेत गणित शिकवायची. उत्तर चुकलं की ती नाकानं एक आवाज काढते, कुकरची शिटी व्हायच्या आधी येतो तसा. तो आवाज मला हुबेहूब जमतो. घरात काढायला बंदी आहे.

महिनाभरात जीपच्या पाठीवर 'सूर्या डेल्टा सफारी' असं रंगवून झालं. पाहुण्यांना जीपमधून फिरवायचं, कच्च्या वाटांनी हाडं खिळखिळी करायची आणि वाटेत निसर्गाचे चमत्कार दाखवायचे, असा मामाचा बेत.

"सफारी?" मामी म्हणाली. "जनावर कोणतें?"

"वटवाघूळ आहे ना."

"आणि चालविणारा आहे," मामी म्हणाली.

खरी अडचण जनावरांची नव्हती. आमचा मुलुख दोशाच्या तव्यासारखा सपाट. मान वर करून पाहावी अशी एकच गोष्ट, मोठ्या देवळाचं शिखर, आणि ते काही निसर्गानं बांधलेलं नाही. म्हणून मग मामा आहे तेच मोठं करतो. वल्लमजवळ लाल मातीत पावसानं कोरलेली एक घळ आहे. बकऱ्या तिच्यात चघळत उतरतात, चघळत वर येतात. मामा तिच्या काठावर जीप थांबवतो, चष्मा काढतो आणि देवळातल्या घंटेसारखा आवाज लावतो. "हें पाहा. आशियांतली दुसरी मोठी लाल घळ." पुढे वटवाघळांनी लगडलेलं मोहाचं झाड. आशियातलं दुसरं. कोळ्ळिडम नदीतलं वाळूचं बेट. तेही दुसरं.

"पहिलं कधीच कसं नाही, मामा?"

"शांभवी, पहिलें म्हटलें तर लोक फोनांत शोधतात. दुसरें कोणी शोधत नाही."

पाहुणे महाराष्ट्रातले असले तर मामाची मराठी आणखी शंभर वर्षं मागे जाते. आम्ही घरी 'बैसा' म्हणतो हे खरं, पण 'आसनस्थ व्हावें' असं आमच्या घरात भांड्यालाही कुणी म्हटलेलं नाही. पाहुणे मात्र हरखतात, फोन वर करतात, मामा आणखी फुगतो. मागे बसून मामी माझ्या कानात म्हणते, "सकाळीं कॉफी मागतांना 'आण, आण' करतात. येथें आसनस्थ!"

तर अशी ही सफारी मजेत चालली होती, ओरत्तनाडूचं लग्न होईपर्यंत. मामीच्या माहेरची मंडळी रेशमी साड्या नेसून जीपमध्ये बसली होती. मामानं 'जवळची वाट' म्हणून कालव्याच्या कडेनं गाडी घातली आणि गाडी कडेवरून कालव्यात गेली. पाणी घोटाभर होतं, चिखल गुडघाभर. ट्रॅक्टरनं दोरी लावून ओढत ओढत सगळ्यांना थेट मंडपाच्या दारात नेलं. इतका थाट पाहून नादस्वरमवाल्यांना वाटलं नवरदेव आला. त्यांनी जोरात सुरू केलं.

त्या दिवशी मामीनं अट घातली. गणितातली असते तशी, पळवाट नसलेली.

"पुन्हा दोरी लागली कीं गाडी गेली. जुन्या लोखंडाच्या दुकानांत. दुसऱ्या दिवशीं."

मामानं संध्याकाळी जीप धुतली. दुसऱ्या दिवशी पुन्हा धुतली. रविवारी कुणी गिऱ्हाईक नसलं तरी तो तिच्यात जाऊन बसायचा आणि जिथं दार असायला हवं तिथून एक पाय बाहेर सोडून पेपर वाचायचा. आईनं विचारलं, "घरांत पंखा नाहीं का, अण्णा?" तर म्हणाला, "येथें वारा चारीकडून येतो."

मग पुण्याचे दोन पाहुणे आले, श्रीहर्षकाका आणि सुप्रभाकाकू. तिरुवैयारुला गाणं ऐकायला आले होते, एक दिवस मोकळा होता. मामीनं जाहीर केलं, या खेपेलाही मी येते. हवा खायला नव्हे, दोरीवर लक्ष ठेवायला. आणि मी तर असतेच. नवीन माणसं म्हणजे नवीन आवाज.

काकूंचा आवाज सोपा होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी "नाही का?" आणि उत्तराची वाट न बघता पुढचं वाक्य. काका मात्र खजिना निघाले. काकांकडे एक 'वा' होता. मैफलींच्या पहिल्या रांगेत बसून बसून कमावलेला. आधी डोळे मिटायचे, मग मान हळूच एका बाजूला न्यायची, मग उजवा हात हवेत तरंगत वर, आणि मग पोटातून, "वाऽऽऽ!" आमच्या तिरुवैयारुला गाणं आवडलं तर लोक 'सभाश' म्हणतात, 'भले' म्हणतात. तिथं असा 'वा' दिला तर गवई तंबोरा ठेवून जवळ येईल, काय हवंय विचारायला.

घळ पाहून झाली. बकऱ्या होत्याच. मोहाच्या झाडाखाली काकूंच्या टोपीवर वटवाघळानं आशीर्वाद दिला. काकू म्हणाल्या, "शुभ असतं म्हणे, नाही का?" दुपार कलल्यावर आम्ही कोळ्ळिडमच्या काठावर पोचलो. पात्र एवढं रुंद की पलीकडचे माड काड्यांसारखे दिसतात, मध्ये नुसती वाळू, आणि वाळूत पाण्याच्या दोनचार वाटा. मामानं बेट दाखवलं. आशियातलं दुसरं. मामी हसली नाही, पण कुकरही वाजला नाही. दिवस चांगला चालला होता.

परत निघायचं म्हणून मामाला गाडी मागे घेऊन वळवायची होती. चाकांखाली काठाची घट्ट माती होती. मागे थोडी जागा, मग उतार, आणि उताराखाली वरून कोरडी दिसणारी, आतून ओली वाळू.

"श्रीहर्षराव, मागें उभें राहून सांगतां का?"

"हो हो, सांगतो ना!"

काका मागे गेले. जीपकडे एकदा पाहिलं. मग नदीकडे पाहिलं आणि तिथंच घोटाळा झाला. सूर्य अगदी खाली आला होता. बेटावरून बगळ्यांचा एक थवा उठला.

"वा!" काका म्हणाले.

मामा हातभर मागे आला.

थवा वळला. पांढऱ्याचे सगळे एकदम केशरी झाले.

"वा! वा!"

मामा आणखी मागे. मामी थर्मासमधून कॉफी ओतत होती. काकूंचा फोन बगळ्यांवर. काका नीट दिसावं म्हणून बाजूला सरकले, हे मात्र फार बरं केलं. कारण आता थवा आमच्या डोक्यावर आला होता. काकांनी डोळे मिटले, मान बाजूला नेली, उजवा हात हवेत तरंगत वर गेला, आणि...

"वाऽऽऽऽऽ!"

मागे मैदान आहे. मामानं गाडी दाबली.

मामी "निल्लु! निल्लु!" म्हणेपर्यंत जीप तिरकी होऊन घसरत खाली वाळूत गेली होती. मागची चाकं एकदोनदा गरगरली आणि जीप पोटापर्यंत रुतून बसली. कॉफी मामीच्या मांडीवर होती.

"कोण ये म्हणून बोलावलें?" मामीनं विचारलं. फार हळू.

"ते!" मामानं काकांकडे बोट केलं. "परत परत बोलावले!"

"मी? मी कुठं बोलावलं?"

"वा म्हणालां ना!"

"अहो, ते बगळ्यांना म्हणालो!"

"बगळ्यांना काय म्हणून मागें घेतां?"

मी वाळूत बसकण मारून हसत होते. मग मामाचा चेहरा दिसला आणि हसू थांबलं. तो जीपच्या बॉनेटवर हात ठेवून उभा होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा.

तेवढ्यात केळीच्या बागेतून ट्रॅक्टरची फटफट आली. मुरली. बाग त्याची, आणि रुतलेल्या मामाला बाहेर काढणं हा त्याचा आवडता खेळ आहे. ओरत्तनाडूची गोष्ट इकडच्या सगळ्या चहाच्या टपऱ्यांवर त्यानंच पोचवली, तो तिथं नसतानाही. खांद्यावर दोरी आधीच होती.

"राव सार, कयिरु?" दोरी लावू?

मामी मामाकडे बघत होती. मामा वाळूकडे.

"वेंडाम," मामा म्हणाला. नको. मी मामाचे सगळे आवाज काढते. तो एक काढत नाही.

"माणूस चालेल," मामीनं निकाल दिला. "दोरी नाहीं."

मुरलीनं दोरी उतरवून ठेवली, जरा नाराजीनंच, आणि अक्कल मात्र फुकट दिली. वर चढवू नका, चढणार नाही. पात्रातूनच पुढे न्या, बेटाला वळसा घाला, याच काठाला पुढे गुरं चढतात त्या वाटेनं वर या. मग चाकांची हवा कमी केली, डब्यांच्या झाकणांनी वाळू उपसली, माडाच्या वाळलेल्या झावळ्या चाकांखाली सारल्या. काका सगळ्यांत जास्त उपसत होते आणि मध्येच "सॉरी हं" म्हणत होते. ढकलायला मामा, काका, काकू, मुरली आणि मी. राहिली मामी. तिचा गुडघा दुखरा.

"वत्सला, तूं चालव," मामा म्हणाला.

"मी स्कूटर चालवितें."

"हीपण तशीच. क्लच हळू सोड. आणि वाळूंत थांबूं नको. कांहीं झालें तरी थांबूं नको. थांबलीस कीं रुतलीस."

मामीनं पदर खोचला, चष्मा नीट केला आणि क्लच सोडला. जीप एकदा खोकली, दोनदा थरथरली, आमच्या तोंडात वाळूचा पहिला हप्ता आला, आणि सुटली! काकू पालथ्या पडल्या, नाही का. जीप झावळ्या उडवत पात्रातून सरळ निघाली. बेटाला वळसा घातला. गुरांची वाट आली.

मामीनं ती जाऊ दिली.

"वत्सला! वर! वर घे!" मामा धोतर वर धरून मागे धावला.

मामीनं बेटाला दुसरा वळसा घातला. उथळ पाण्यातून गेली तेव्हा दोन्ही बाजूंनी पाणी उडालं. अंबाडा सुटला होता. आणि तेव्हा तो आवाज आला. उंच, तुटकतुटक, शाळेच्या मैदानावरून येतो तसा. मामी हसत होती. असा आवाज माझ्याकडे नव्हता. मी तो तिथल्या तिथे पाठ केला.

"थांब! आतां थांब!"

"थांबूं नको म्हणून तुम्हींच सांगितलांत!"

तिसऱ्या वळशानंतर ती गुरांच्या वाटेनं वर चढली आणि काठावरच्या घट्ट रस्त्यावर जीप उभी केली. झटका न देता. आम्ही धापा टाकत पोचलो. मामाच्या भुवयांतही वाळू होती.

"दोरी लागली नाहीं," मामी म्हणाली. "गाडी राहील."

मामानं डोळे पुसले. वाळू गेली असेल. मग तो वळून तिच्या बाजूला आला आणि ती उतरण्याची वाट बघत उभा राहिला. मामी हलली नाही.

"तिकडून बैसा."

"तेथें? मी?"

"गाडी राहील म्हटलें. चालवील कोण, तें अटींत नव्हतें."

मामानं मुरलीकडे पाहिलं. मुरली आपल्या पायांकडे बघत होता, खांदे हलत होते.

"मग मी काय करूं?"

"बोला. बोलायला क्लच कोठें लागतो?"

मामा वळसा घालून पलीकडे गेला आणि बसला. कुठं हात ठेवावेत ते त्याला कळेना, म्हणून दांडी धरली. मामीनं पहिला गिअर टाकला, मग दुसरा, जरा करकरला, पण पडला. पहिल्या वळणावर मामानं उजवा पाय जोरात खाली दाबला. तिथं ब्रेक नव्हता, नुसता पत्रा होता. पुढच्या वळणावर पुन्हा. तिरुवैयारुच्या बाजारात तर सारखाच. तंजावूर येईपर्यंत त्या पत्र्याला चांगला खोल पोचा पडला होता.