वाकडी पिन

गिटार अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची वायर तुटली म्हणून वाद्यांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने दोन वायरी काढल्या. एकीची पिन सरळ, दुसरीची काटकोनात वळलेली.

"कुठे वाजवता, काका?"

"घरीच. अ‍ॅम्प्लिफायर भिंतीशी असतो."

"त्याच्यासमोरून ये-जा असेल तर वाकडी घ्या. सरळ पिन पुढे आलेली राहते, पाय लागला की आतलं सॉकेटच मोडतं."

हे मला कुणी सांगायला नको होतं. आमच्या घरात बाल्कनीची वाट त्या अ‍ॅम्प्लिफायरसमोरूनच जाते. कपडे वाळत घालायला जाताना मालतीचा पाय सरळ पिनेला दोनदा अडकला होता. दुसऱ्या वेळी हातात भरलेली बादली होती. "या घरात एक तर ही गिटार राहील, नाहीतर मी," ती ओल्या साडीनिशी म्हणाली. त्याच संध्याकाळी मी मुकाट्याने वाकडी पिन आणली आणि दोघीही राहिल्या.

मालतीला जाऊन आता दुसरं वर्ष. संसारात आपण किती ठिकाणी असे वळलेलो असतो, कुणाच्या पायात येऊ नये म्हणून. त्या वेळी त्याचा रागच येतो. पुढे वाट मोकळी होते, पण सरळ व्हायचं मात्र जमत नाही.

"मग, आहे का ये-जा?" दुकानदाराने विचारलं.

"आहे," मी म्हणालो.

घरी येऊन वाकडी पिन लावली. वाजवायला बसलो आणि सवयीने पाय जवळ ओढून घेतले, तिला जाता यावं म्हणून.