टेबलाच्या पायाखालची पोथी

जुनी काव्यं आजच्या माणसाच्या काय कामाची, असं कोणी विचारलं की मला एक डुगडुगतं टेबल आठवतं.

निजामी जाऊन आठ-दहा वर्षं झाली होती. येरमाळ्याजवळच्या एका गावात मी शिक्षिका होते आणि दुपारी बायकांचा साक्षरता वर्ग घेत होते. शाळेच्या टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याखाली मी एक जाडजूड ओवीबद्ध पोथी सरकवली होती. तिचा तेवढाच उपयोग, असं माझं स्पष्ट मत होतं. वर्गासाठी सरकारनं नवी पुस्तकं पाठवली होती: खताचा खड्डा, गाळलेलं पाणी, बाळाची निगा. मला ती मनापासून पटायची. बायकांना पटत नव्हती.

"बाई, खत आमी रोज डोक्यावर वाहतो. त्येचं वाचायचं काय?" शिंप्याची म्हातारी बायको म्हणाली. तिला सगळा वर्ग चाची म्हणे. वर्ग हसला. मी हसले नाही.

ज्येष्ठात एक नवी बाई आली. वय विशीतलं, राहायला भावाकडं. नवरा चार वर्षांपूर्वी काही न सांगता सोलापूरला निघून गेलेला, एक कार्डही नाही. आता त्याचा निरोप आला होता, नागपंचमी झाली की न्यायला येतो. तिला जायचं की नाही, हे तिला कोणी विचारलंच नव्हतं. भाऊ रोज एकच ऐकवायचा. मारुतीच्या देवळात दर श्रावणात बुवा पोथी सांगत, तीत एका व्यापाऱ्याची गोष्ट होती. तो बारा वर्षांनी घरी येतो आणि बायको एक शब्द न बोलता दार उघडते. बघ, हिला म्हणतात बायको.

"ती पोथी शाळंत हाय म्हनं," ती मला म्हणाली. "मला तेवढीच वाचायचीय."

"आधी बाराखडी."

"मग लवकर शिकवा. दोन महिनं हायेत."

मी वैतागले. असल्या पोथ्यांनीच बायकांचं वाटोळं केलं, असं मी वर्गात घसा फोडून सांगत होते, आणि हिला नेमकी तीच हवी! पण इतर बायका वर्षभर 'क'पाशी अडल्या होत्या, तिथं ही महिनाभरात जोडाक्षरांवर आली. पोथी टेबलाखालून काढावी लागली. त्यानंतर दौत दोनदा सांडली.

ती ओवीवर बोट ठेवून वाचायची आणि दर तिसऱ्या शब्दाला थांबायची. निम्मे शब्द मलाही येत नव्हते. कळंबहून शब्दकोश मागवावा लागला, याची लाज वाटण्याऐवजी मला संतापच आला.

मग ती जागा आली. व्यापाऱ्याची बायको दार उघडतच नव्हती. दाराआडून ती विचारत होती: कुठं होतास? कुणासाठी होतास? मी जगले की मेले, हे कधी कुणाला विचारलंस? सात ओव्या नुसते प्रश्न. तो सगळ्यांची उत्तरं देतो, तेव्हा कुठं कडी निघते.



"मंजे इतकी वर्सं दार बुवाच उघडत हुते की!" चाची म्हणाली.

मी बुवांना जाऊन विचारलं. "बाई, लोकांना सार सांगायचं असतं, सगळं वाचायचं नसतं," ते शांतपणे म्हणाले. त्या पावसाळ्यापर्यंत मीही ती पोथी कधी उघडली नव्हती, म्हणून मला त्यांच्याशी धड भांडताही आलं नाही.

नागपंचमीनंतर नवरा आला, हातात नवं लुगडं. तिनं आतून कडी लावली आणि प्रश्न विचारले, पोथीतले तीन आणि स्वतःचे दोन. तो दुपारपर्यंत ओट्यावर बसला. एकाचंही उत्तर न देता संध्याकाळच्या एसटीनं परत गेला.

दुसऱ्या दिवशी भाऊ भर वर्गात येऊन माझ्यावर ओरडला. "पोथीतल्या बाईनं दार उघडलंय!"

"व्हय," ती बाकावरून न उठता म्हणाली. "त्यानं जबाब दिल्यावर."

भाऊ गेला. तिनं पोथी पुढं वाचायला घेतली. टेबलाखाली मी खताचं पुस्तक घातलं. ते पातळ निघालं, दोन लागली.